जीटीओ कन्व्हर्टिबल : एका पळवाटेचा इतिहास आणि तिचा बाजार

अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या बाजारात ‘उत्तम राखलेली, मूळ इंजिनाची, उघड्या छताची मसल कार’ विक्रीला निघते तेव्हा त्या वर्णनातील प्रत्येक शब्दाचे मोल वेगळे मोजले जाते, आणि ते मोल कसे ठरले हे १९६० च्या दशकातील डेट्रॉइटच्या कारखानदारीत शिरल्याखेरीज उलगडत नाही. मसल कार ही संज्ञा सामान्यतः अशा मोटारीसाठी वापरली जाते, जी मध्यम आकाराची, दोन दारांची आणि बेताच्या किमतीची असून जिच्यात त्याच कंपनीच्या मोठ्या मोटारीचे शक्तिशाली व्ही-८ इंजिन, म्हणजे आठ सिलिंडर चार-चारच्या दोन तिरप्या रांगांत मांडलेले इंजिन, बसवलेले असते. कन्व्हर्टिबल म्हणजे जिचे कापडी छत दुमडून मागच्या आसनापाठी ठेवता येते ती मोटार. या दोन कल्पनांचा मेळ आरंभापासूनच अवघड होता, कारण पहिलीला हलकेपणा आणि ताठपणा हवा असे, तर दुसरी या दोहोंचा त्याग केल्याशिवाय तयारच होत नसे. पॉन्टिॲक जीटीओ या गाडीच्या इतिहासात हा विरोध सर्वांत स्पष्ट दिसतो. तिच्या जन्माच्या वेळी केलेल्या तडजोडी आणि काढलेल्या पळवाटाच पुढे अर्धशतकानंतर तिची किंमत आणि तिच्या अस्सलपणाचा वाद ठरवू लागल्या.

वेगवान मोटार ही अमेरिकेत १९६४ साली अचानक अवतरलेली वस्तू नव्हती. १९४९ च्या ओल्ड्समोबिल रॉकेट ८८ मध्ये तुलनेने हलक्या गाडीत नव्या धर्तीचे व्ही-८ इंजिन बसवले गेले होते, आणि १९५५ च्या क्रायसलर सी-३०० ने ३०० अश्वशक्तीचा टप्पा गाठला होता. परंतु सी-३०० सारख्या गाड्या महाग असल्यामुळे त्या नोकरीला नुकत्याच लागलेल्या तरुणाच्या आवाक्याबाहेर होत्या. दुसऱ्या बाजूस, मोटार कंपन्यांच्या संघटनेने १९५७ साली शर्यतींना कारखान्याकडून मदत न देण्याचा ठराव केला, आणि तो हळूहळू कागदावरच राहिल्यानंतर जनरल मोटर्सने जानेवारी १९६३ मध्ये आपल्या सर्व विभागांना शर्यतींतून पूर्णपणे अंग काढून घेण्याचा आदेश दिला. या आदेशाचा सर्वाधिक फटका पॉन्टिॲक विभागाला बसला. पूर्वीचे विभागप्रमुख ‘बंकी’ नुडसन यांनी १९५६ पासून या विभागाची वडीलधाऱ्यांची गाडी बनवणारा कारखाना ही ओळख पुसून तरुण गिऱ्हाईक जोडले होते, आणि ते गिऱ्हाईक शर्यतीच्या धावपट्टीवरील विजयांमुळेच जोडले गेले होते. धावपट्टी बंद झाल्यावर तोच लौकिक रस्त्यावरील गाडीतून मिळवणे हा एकच मार्ग पॉन्टिॲकपुढे उरला.

त्या वेळी पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता असलेले जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी हा मार्ग शोधला, आणि त्यामागे एक साधी यांत्रिक वस्तुस्थिती होती. मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत मिळणारे ३२६ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ५.३ लिटरचे इंजिन आणि मोठ्या पॉन्टिॲकमधील ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बाहेरून एकाच मापाचे होते. त्यामुळे मोठे इंजिन लहान गाडीच्या त्याच आधारांवर, विशेष फेरफार न करता, बसू शकत असे. अडचण यंत्राची नसून नियमाची होती, कारण मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवू नये, असे जनरल मोटर्सचे धोरण होते. परंतु हे धोरण नव्या मॉडेलला लागू होते. गिऱ्हाइकाने जादा पैसे देऊन मागवायच्या साहित्याला, म्हणजे ‘ऑप्शन’ला, मुख्यालयाची वेगळी मंजुरी घ्यावी लागत नसे. म्हणून १९६४ सालासाठी ‘टेम्पेस्ट लमाँ’ या गाडीवर सुमारे २९५ डॉलरचा एक ऑप्शन जाहीर करण्यात आला, ज्यात मोठे इंजिन, दुहेरी धूरनळ्या, अधिक ताठ स्प्रिंगा आणि ‘जीटीओ’ ही तीन अक्षरे मिळत असत. ही अक्षरे फेरारीच्या शर्यतीसाठी प्रमाणित केलेल्या एका गाडीवरून घेतली होती, आणि त्याबद्दल युरोपप्रेमी मोटारशौकिनांनी नाराजीही व्यक्त केली. विभागप्रमुख पीट एस्टिस यांनी योजनेला पाठबळ दिले. विक्रीप्रमुखांनी मात्र सावधगिरी म्हणून पहिल्या खेपेला ५,००० गाड्यांचीच मर्यादा घातली. प्रत्यक्षात त्या वर्षी ३२,४५० जीटीओ विकल्या गेल्या, आणि यशाला आक्षेप घेणे मुख्यालयालाही जमले नाही.

या यशामागे लोकसंख्येचा एक मोठा प्रवाह होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून अमेरिकेत जन्मदर एकाएकी वाढला आणि त्या लाटेतील पहिली मुले १९६४ साली अठरा वर्षांची झाली. त्यांच्यापाशी स्वतःची कमाई किंवा सुलभ हप्त्यांवरचे कर्ज होते, आणि पेट्रोल स्वस्त होते. डेट्रॉइटपासून पॉन्टिॲक शहरापर्यंत जाणारा वुडवर्ड अव्हेन्यू हा रुंद, सरळ रस्ता रात्रीच्या वेळी अशा तरुणांच्या चोरट्या शर्यतींचे ठिकाण बनला होता, आणि मोटार कंपन्यांचे अभियंतेही तेथे आपल्या प्रायोगिक गाड्या घेऊन येत. याच पट्ट्यातील रॉयल ओक येथील ‘रॉयल पॉन्टिॲक’ या विक्रेत्याने गिऱ्हाइकांना इंजिन अधिक तेज करून देण्याचा व्यवसायच उभारला. पॉन्टिॲकच्या जाहिरात संस्थेत काम करणाऱ्या जिम वँगर्स यांनी ही सर्व हवा पद्धतशीरपणे जाहिरातीत आणली. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने मार्च १९६४ च्या अंकात पॉन्टिॲक जीटीओला फेरारी जीटीओच्या पंक्तीत बसवले; त्या परीक्षेसाठी दिलेल्या गाडीत प्रत्यक्षात ४२१ घन इंचांचे आणखी मोठे इंजिन गुपचूप बसवले होते, अशी कबुली वँगर्स यांनी पुढे दिली. एका अर्थाने, जी गाडी पुढे ‘अस्सल की नक्कल’ या वादाचा विषय होणार होती, तिची कीर्तीच बदललेल्या इंजिनाने सुरू झाली होती.

मराठी वाचकाला अमेरिकन मोटार परिचित असली तरी या पिढीची गाडी का परिचित नाही, याचेही उत्तर याच कालक्रमात आहे. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडी येथील जोडणी कारखाना १९२८ मध्ये सुरू होऊन १९५४ मध्ये बंद झाला, आणि वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये क्रायसलरशी झालेल्या करारानुसार डॉज व प्लिमथ गाड्या जोडल्या जात असल्या तरी १९६४ पर्यंत तेथील प्रमुख मोटार फियाट ११०० ही झाली होती. स्वदेशी उत्पादनाला संरक्षण देणाऱ्या धोरणामुळे आयात जवळजवळ थांबल्याने मुंबईच्या रस्त्यांवर १९५० च्या दशकातील जाडजूड शेव्हरोले दीर्घकाळ धावत राहिल्या, पण मसल कारच्या युगाला येथील बाजाराचे दार बंदच राहिले.

जीटीओ तीन प्रकारच्या शरीरांत मिळत असे : दारांच्या मध्ये खांब असलेली कूप, खांब नसलेली पण पोलादी छत असलेली हार्डटॉप आणि कन्व्हर्टिबल. मोटारीच्या रचनेत छत हे केवळ ऊनपाऊस अडवणारे आच्छादन नसते. ते पुढच्या आणि मागच्या भागांना जोडून संपूर्ण शरीराला पीळ बसू न देणारा एक पूल असते, आणि ते काढून टाकले की खड्ड्यावरून जाताना दारांच्या फटी बदलतात, पुढची काच थरथरते. जीटीओसारख्या गाड्यांत स्वतंत्र पोलादी चौकटीवर शरीर बसवलेले असल्यामुळे कन्व्हर्टिबलसाठी त्या चौकटीच्या बाजूच्या तुळया चारही बाजूंनी बंद, म्हणजे पेटीच्या आकाराच्या केल्या जात आणि शरीरात जादा आधार घातले जात. १९६७ च्या शेव्हरोले कॅमेरोसारख्या गाडीत, जिथे शरीर आणि चौकट बव्हंशी एकजीव होते, कन्व्हर्टिबलच्या चार कोपऱ्यांत जड दंडगोल बसवून थरथर शमवावी लागत असे. छत उचलण्यासाठी विजेच्या मोटरवर चालणारा तेलाचा पंप आणि दोन दट्टे लागत. परिणामी जीटीओची कन्व्हर्टिबल कूपपेक्षा सुमारे शंभर किलोंनी जड आणि अधिक महाग असे. सरळ रेषेत पाव मैल सर्वांत आधी पार करण्याच्या ड्रॅग शर्यतीत, जिथे प्रत्येक किलो वेळ खातो, ती साहजिकच मागे पडे.

म्हणून शर्यतीचा नाद असलेला गिऱ्हाईक कूप किंवा हार्डटॉप घेई, आणि कन्व्हर्टिबल तो घेई ज्याला वेगाइतकेच दिसणे आणि दिसत राहणे हवे असे. ही विभागणी आकड्यांत स्वच्छ उमटलेली आहे. १९६४ च्या ३२,४५० जीटीओंपैकी ६,६४४ कन्व्हर्टिबल होत्या, म्हणजे पाचांतील एक. १९६६ मध्ये एकूण उत्पादन ९६,९४६ या सर्वोच्च आकड्याला पोहोचले तेव्हा कन्व्हर्टिबल १२,७९८ होत्या, पण त्यांचा वाटा तेरा टक्क्यांवर आला होता. १९६९ मध्ये ७२,२८७ पैकी ७,४३६ म्हणजे सुमारे दहा टक्के, आणि १९७१ मध्ये १०,५३२ पैकी अवघ्या ६७८. ‘जज’ या भडक रंगांच्या आणि अधिक तेज इंजिनाच्या उपप्रकारात तर १९६९ साली १०८, १९७० साली १६८ आणि १९७१ साली फक्त १७ कन्व्हर्टिबल तयार झाल्या. १९७२ च्या यादीत जीटीओ कन्व्हर्टिबल उरलीच नाही. म्हणजे मसल कार स्वतः लोकप्रिय होत असतानाच तिचे उघडे रूप मागे सरकू लागले होते, आणि मसल कार ओसरू लागल्यावर ते आधी नाहीसे झाले.

या ऱ्हासाची कारणे दोन वेगवेगळ्या दिशांनी आली. कन्व्हर्टिबलची मागणी वातानुकूलन यंत्राने, १९५६ च्या कायद्यानंतर देशभर पसरलेल्या द्रुतगती महामार्गांनी आणि हार्डटॉपच्या मोकळ्या दिसणाऱ्या रचनेने कमी केली. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने तासन्‌तास चालताना फडफडणाऱ्या छतापेक्षा बंद काचा आणि गार हवा लोकांना अधिक सोयीची वाटली. १९६५ मध्ये सर्व अमेरिकन कंपन्यांच्या मिळून सुमारे पाच लाख कन्व्हर्टिबल विकल्या गेल्या होत्या आणि त्यानंतर हा आकडा सतत घसरत गेला. राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या पुस्तकाने मोटारींच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आणला, १९६६ मध्ये त्याबाबत राष्ट्रीय कायदा झाला, आणि गाडी उलटल्यास छत किती भार पेलते याची कसोटी लागू होणार या भीतीने कंपन्यांनी कन्व्हर्टिबलवर नवा खर्च करणे टाळले. कसोटी प्रत्यक्षात आली तेव्हा कन्व्हर्टिबलना तिच्यातून सूट मिळाली; तोवर मात्र निर्णय होऊन गेले होते.

दुसऱ्या दिशेने इंजिनावरच मर्यादा आल्या. विमा कंपन्यांनी तरुण चालक आणि अधिक अश्वशक्ती यांच्या जोडीवर जबर हप्ता आकारण्यास सुरुवात केली, आणि काही वेळा विम्याचा खर्च गाडीच्या मासिक हप्त्याशी स्पर्धा करू लागला. १९७० च्या अखेरीस संमत झालेल्या स्वच्छ हवा कायद्यामुळे पेट्रोलमधून शिसे कमी करणे अटळ दिसू लागले, आणि शिशाविना जास्त कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण पेटण्यापूर्वी किती पट दाबले जाते त्याचे प्रमाण, टिकवणे अवघड असल्याने जनरल मोटर्सने १९७१ च्या इंजिनांत ते उतरवले. जीटीओच्या ४०० घन इंचांच्या मूळ इंजिनात हे प्रमाण १०.२५ वरून ८.२ वर आले आणि जाहीर अश्वशक्ती ३५० वरून ३०० झाली. पुढल्याच वर्षी अश्वशक्ती मोजण्याची पद्धतही बदलली. पूर्वी इंजिन पंखा, गाळणी, धूरनळी वगैरे उपांगांशिवाय मोजत, ते आता गाडीत बसवल्याप्रमाणे सर्व उपांगांसह मोजले जाऊ लागले, आणि तेच इंजिन कागदावर २५० चे झाले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांच्या तेलबंदीने पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या तेव्हा मोठ्या इंजिनाच्या गाडीचा बाजार आधीच कोसळलेला होता. फोर्डने मस्टँगची कन्व्हर्टिबल १९७३ नंतर थांबवली, आणि एप्रिल १९७६ मध्ये कॅडिलॅक एल्डोराडोची शेवटची तुकडी बाहेर पडली तेव्हा ती ‘शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल’ म्हणून गाजवली गेली. १९८२ मध्ये क्रायसलरने लबॅरनच्या रूपाने आणि १९८४ मध्ये खुद्द कॅडिलॅकनेच कन्व्हर्टिबल परत आणल्यावर १९७६ च्या गाड्या संग्रहासाठी घेतलेल्या काही खरेदीदारांनी कंपनीविरुद्ध दावे लावले. दुर्मिळतेला विक्रीयोग्य मालमत्ता मानण्याची वृत्ती तोपर्यंत रुजली होती, याचा हा पुरावा म्हणता येईल.

मधल्या काळात मसल कार निव्वळ जुनी गाडी होती, आणि आज उत्तम स्थितीतील नमुने एवढे थोडे का आहेत याचे कारण त्या वर्षांत आहे. तेलटंचाईनंतर पेट्रोल पिणारी ही गाडी सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळे. दुसरा-तिसरा मालक बहुधा विद्यार्थी किंवा कामगार असे, तो ती दामटवून चालवी, इंजिन फुटले की भंगारातून मिळेल ते दुसरे बसवी. मिशिगन, ओहायो यांसारख्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ पोलाद खाते. कन्व्हर्टिबलमध्ये तर झिरपणाऱ्या छतातून पाणी आत येऊन गालिच्याखाली साचत असल्याने खालून मीठ आणि वरून पाणी असा दुहेरी मारा होई. ज्या जादा आधारांवर छतहीन शरीर उभे असते तेच कुजले, तर गाडीची दुरुस्ती पूर्ण पुनर्बांधणीइतकी खर्चिक ठरते. त्यामुळे ॲरिझोना, कॅलिफोर्निया अशा कोरड्या प्रदेशांत राहिलेल्या गाड्यांना पुढे वेगळा भाव आला.

१९८० च्या दशकापासून, अठराव्या वर्षी जी गाडी परवडली नव्हती ती घेण्याइतके पैसे त्या पिढीच्या हाती आले आणि मागणीची दिशा पालटली. व्हरमाँटमधील ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’ हे १९५४ पासून निघणारे नियतकालिक जुन्या गाड्यांच्या जाहिरातींचे मुख्य व्यासपीठ होते. पुढे मीकम आणि ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथील बॅरेट-जॅक्सन या लिलावसंस्थांनी या व्यवहाराला दूरचित्रवाणीवरील तमाशाचे रूप दिले. लिलावात शर्यतीचा हिशोब उलटा झाला : जी गाडी पाव मैलात हरत होती ती कमी बनली होती, आणि कमी बनली होती म्हणून ती आता वरचढ ठरली. १९७१ ची हेमी इंजिनाची प्लिमथ ‘कुडा’ कन्व्हर्टिबल जेमतेम डझनभराच्या आसपास बनली होती. तिच्यापैकी एक २०१४ मध्ये सिॲटल येथील लिलावात ३५ लाख डॉलरच्या बोलीला गेली. जीटीओ या उंचीच्या खाली राहिली, पण तत्त्व तेच लागू झाले.

किंमत वाढली तशी नक्कल फायदेशीर झाली, आणि येथे १९६४ ची पळवाट परत समोर आली. जीटीओ मॉडेल नसून ऑप्शन असल्यामुळे १९६४ आणि १९६५ च्या गाड्यांचा कारखान्याने दिलेला ओळख क्रमांक ती ‘लमाँ’ आहे एवढेच सांगतो; १९६६ मध्ये जीटीओ स्वतंत्र मालिका झाल्यावरच क्रमांकाच्या आरंभी २४२ हे तिचे खास अंक आले. शिवाय ३२६ आणि ३८९ ची इंजिने बाहेरून सारखीच असल्याने साध्या लमाँ कन्व्हर्टिबलवर तीन अक्षरे आणि जाळी बसवून तिला जीटीओ म्हणवणे सोपे असते. अशा गाडीला बाजारात ‘क्लोन’ म्हणतात, आणि विक्रेता प्रामाणिक असेल तर ‘ट्रिब्यूट’. म्हणून पारखी खरेदीदार इंजिनाच्या ठोकळ्यावर कोरलेला संकेत पाहतो, ज्यात १९६४ साठी ७६एक्स हा हाताने गिअर बदलण्याच्या गाडीतील तीन कार्ब्युरेटरांच्या ‘ट्राय-पॉवर’ इंजिनाचा आणि ७८एक्स हा एकाच कार्ब्युरेटरच्या इंजिनाचा संकेत होता. ओतकामाची तारीख गाडी बनल्याच्या तारखेआधीची आहे का हे तपासतो. आणि पॉन्टिॲकच्या मूळ विक्रीपावत्यांच्या मायक्रोफिल्म सांभाळणाऱ्या ‘पॉन्टिॲक हिस्टॉरिकल सर्व्हिसेस’कडून त्या विशिष्ट गाडीच्या पावतीची प्रत मागवतो. कारखान्यातून निघताना असलेले इंजिन आणि गिअरबॉक्स अजून त्याच गाडीत असतील तर तिला ‘मॅचिंग नंबर्स’ म्हटले जाते. जनरल मोटर्सने २००९ मध्ये पॉन्टिॲक ही खूणच बंद करण्याचा निर्णय जाहीर केल्यामुळे या कागदांच्या पाठीशी आता कारखाना उरलेला नाही. पुराव्याचा सारा भार त्या पावत्यांवर आणि धातूवरील खुणांवर आला आहे.

स्थितीबाबतचे मतही याच दिशेने बदलत गेले. आरंभीच्या संग्राहकांना गाडी नव्यासारखी चकाकणारी हवी असे, आणि पुनरुद्धार करणारे कारागीर तिचा प्रत्येक भाग सुटा करून, घासून, रंगवून पुन्हा जोडत. परंतु असा पुनरुद्धार बहुधा कारखान्याहून अधिक चांगला होतो : डेट्रॉइटमध्ये दाराच्या फटी कमी-जास्त राहत, रंगाचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असे, आणि चौकटीवर तपासनीसाने खडूने ओढलेल्या खुणा तशाच राहत. या खुणा घासून गेल्या की गाडी सुंदर होते, पण ती कशी बनवली गेली याची साक्ष देण्याची तिची क्षमता संपते. म्हणून मूळ रंग, मूळ आसने आणि मूळ इंजिन टिकवून राहिलेल्या, कधीही सुट्या न केलेल्या गाडीला ‘सर्व्हायव्हर’ असे वेगळे नाव मिळाले, आणि तिची फिकी झालेली बाजू किंवा झिजलेले आसन दोष न मानता पुरावा मानला जाऊ लागला. कन्व्हर्टिबलमध्ये असा नमुना आणखी दुर्मिळ आहे, कारण कापडी छत काही वर्षांनी बदलणे भागच असते; त्यामुळे तिच्या मूळपणाचे मूल्यमापन करताना कोणता भाग झिजेसाठीच बनला होता आणि कोणता भाग टिकण्यासाठी, हा भेद करावा लागतो. हा भेद जुन्या वाड्याच्या किंवा हस्तलिखिताच्या जतनातही करावा लागतो, आणि मोटारींच्या व्यापाऱ्यांनी तो भावाच्या दबावाखाली स्वतःहून शिकून घेतला, ही गोष्ट औद्योगिक वस्तूंचा इतिहास लिहिणाऱ्यांना दुर्लक्षून चालणार नाही. कारण मोठ्या संख्येने बनलेल्या वस्तूंची नोंद कारखाने क्वचितच राखतात, आणि ती राखण्याचे काम अनेकदा ज्यांचा त्यात पैसा गुंतला आहे त्यांच्याच हातून होते.